जपानच्या शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक: अर्जापासून पहिल्या तासापर्यंत

जपानच्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाच्या जोडीला बहुतेक ठिकाणी एक परदेशी सहायक असतो. त्याला सगळे एएलटी, म्हणजे असिस्टंट लँग्वेज टीचर, म्हणतात. बी.एड. नसलं किंवा जपानी येत नसलं तरी या नोकरीसाठी अर्ज करता येतो. त्यामुळे पुण्या-मुंबईत जपानीचे वर्ग करणाऱ्यांच्या मनात हा विचार हमखास येतो. विचार चांगला आहे, पण बहुतेकांचं घोडं शिकवण्याच्या कौशल्यापाशी अडत नाही. ते अडतं कागदपत्रांपाशी आणि करारपत्रापाशी. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सगळ्यात आधी: बारा वर्षांचा हिशेब

शाळेत पूर्ण शिक्षक म्हणून नव्हे, तर सहायक म्हणून परदेशी भाषा शिकवायची असेल तर ‘क्योइकु’ म्हणजे शिक्षण या प्रकारचा निवास-परवाना लागतो. त्याच्या दोन अटी आहेत. एक, कोणत्याही विषयाची पदवी. दोन, जी भाषा शिकवायची त्याच भाषेच्या माध्यमातून किमान 12 वर्षं शिक्षण झालेलं असणं.

दुसरी अट मराठी मुलांसाठी निर्णायक ठरते. पहिलीपासून बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकला असाल तर प्रश्नच नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग इंग्रजीतून अकरावी-बारावी आणि तीन वर्षांची पदवी असेल, तर हिशेब 5 वर्षांवर थांबतो. वर एम.ए. केलं तरी 7. इंग्रजी कितीही फर्डं असलं, आयईएल्ट्समध्ये कितीही गुण असले, तरी ही वर्षं भरून निघत नाहीत. सेमी-इंग्रजीवाल्यांनी स्वतःच्या मनाने ‘चालेल’ असं धरून चालू नये. कोणत्या इयत्तेपासून कोणते विषय इंग्रजीत होते हे अर्जाच्या आधीच मालकाला लिहून विचारावं.

बारा वर्षं भरत असतील तर त्यांचा पुरावा आताच जमवायला घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम लिहिलेलं असेलच असं नाही. प्रत्येक शाळा-कॉलेजकडून लेटरहेडवर बोनाफाईड घ्या. त्यात ‘अमुक इयत्तेपासून अमुक इयत्तेपर्यंत, अमुक सालापासून अमुक सालापर्यंत, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं स्पष्ट हवं, खाली सही-शिक्का हवा. वडिलांच्या बदल्यांमुळे तीन-चार शाळा बदलल्या असतील तर या कामालाच महिना-दीड महिना जातो. जून हा प्रवेशाचा हंगाम, तेव्हा शाळेच्या कार्यालयात गेलात तर हेलपाटे ठरलेले.

बारा वर्षं भरत नसतील तर एएलटीचा नाद सोडा, जपानचा सोडायची गरज नाही. खासगी संभाषण वर्गांना एइकाइवा म्हणतात. त्यांचा निवास-परवाना वेगळ्या प्रकारचा असतो आणि त्याला ही बारा वर्षांची अट लागू नाही. तिथे मालक मुलाखतीत तुमची भाषा बारकाईने तपासतो.

नोकरीच्या तीन वाटा

पहिली वाट जेट कार्यक्रमाची. 1987 मध्ये सुरू झालेला हा जपान सरकारचा कार्यक्रम. अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत होतो. भारतीयांसाठी जागा फार थोड्या असतात आणि कोणत्या पदांसाठी अर्ज मागवलेत हे त्या-त्या वर्षीच्या सूचनेवरूनच कळतं, त्यामुळे शरद ऋतूत, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास, दूतावासाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. मुलाखती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि रवानगी जुलै-ऑगस्टमध्ये. पगार सगळ्यात चांगला इथेच मिळतो. 2025 पासून पहिल्या वर्षाला सुमारे 40 लाख 20 हजार येन. विमानभाडंही मिळतं. करार एकेक वर्षाचा, जास्तीत जास्त पाच वर्षं.

दुसरी वाट कंत्राटी कंपन्यांची. इंटरॅक, बॉर्डरलिंक, अल्टिया सेंट्रल ही त्यातली परिचित नावं. शहराचं शिक्षण मंडळ निविदा काढतं, कंपनी ती भरते आणि शाळांना माणसं पुरवते. इथल्या दोन गैरसोयींचं मूळ या निविदेतच आहे. निविदांचे निकाल शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर लागतात, म्हणून तुमची नेमणूक कोणत्या गावात होणार हे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कळत नाही. आणि निविदा बहुधा कमी दरावर ठरते, म्हणून पगार महिना 2 लाख ते अडीच लाख येनच्या आसपास अडकलेला असतो.

तिसरी वाट म्हणजे शिक्षण मंडळाची थेट नोकरी. बऱ्याचशा जागांना जपानमध्ये आधीच राहत असलेली, थोडंफार जपानी बोलणारी माणसं लागतात. भारतात बसून ही मिळणं अवघड. दोन वर्षांनी नोकरी बदलताना मात्र हिच्याकडे जरूर पाहा.

चौथी वाट नाही. ‘अमुक लाख भरा, जपानमध्ये शिक्षकाची नोकरी पक्की’ म्हणणारा एजंट भेटला तर उठून या. परवान्याचा अर्ज जपानमधला मालक करतो, त्यात एजंटने विकत घेऊन देण्यासारखं काही नसतं.

कंपन्यांच्या मुलाखतीत बहुधा दोन-तीन मिनिटांचा नमुना पाठ घ्यायला सांगतात. कल्पना करायची की समोर आठ वर्षांची मुलं बसलीत. इथे भारतीय उमेदवार व्याकरण समजावून सांगायला लागतात आणि तिथेच गडबड होते. तीन शब्द घ्या, तीन चित्रं घ्या. बोला, हातवारे करा, वाट पाहा, पुन्हा बोलून घ्या. उच्चारांची तयारीही करा. व्हेट आणि वेट हे दोन शब्द आपल्या तोंडून सारखेच निघतात. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लागायला हवेत, दुसऱ्याला ओठांचा चंबू. ‘थिंक’चा थ आपण दातांवर आपटतो, तिथे जीभ दातांमध्ये धरून हवा सोडायची असते. ट आणि ड मूर्धन्य न ठेवता जीभ थोडी पुढे आणायची. रोज दहा मिनिटं आवाज रेकॉर्ड करून ऐकलं तर दीड-दोन महिन्यांत फरक पडतो.

करारपत्रात काय शोधायचं

कराराचा प्रकार आधी पाहा. ‘हाकेन’ म्हणजे शाळेच्या हाताखाली माणूस देण्याचा करार असेल तर शाळेतला जपानी शिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊ शकतो. ‘ग्योमु इताकु’ म्हणजे कामाचा ठेका असेल, तर कायद्याने सूचना फक्त कंपनीच देऊ शकते. मग ‘हा खेळ जरा लांबवू या का?’ एवढंसं वर्गात ठरवणंही अडचणीचं होतं. दोघांनी मिळून शिकवायचं म्हटल्यावर हाकेन केव्हाही बरा.

मग पगाराचा तक्ता. बऱ्याच कंपन्या ऑगस्ट, डिसेंबर अशा सुट्टीच्या महिन्यांत पगार कापतात. त्यामुळे मासिक आकडा बघून भुलू नका, बारा महिन्यांची बेरीज लेखी मागा.

तिसरी गोष्ट ‘शाकाई होकेन’ म्हणजे सामाजिक विमा. यात आरोग्यविमा आणि पेन्शन दोन्ही येतात आणि निम्मा हप्ता मालक भरतो. ऑक्टोबर 2024 पासून 50 हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत आठवड्याला 20 तास किंवा जास्त काम आणि महिना 88 हजार येन वा जास्त पगार असलेल्यांना हा विमा द्यावाच लागतो. करारात तो दिसत नसेल तर सही करण्याआधी विचारा. विमा नसेल तर पूर्ण हप्ता तुमच्या खिशातून जातो.

हातात किती पडतं? महिना 2 लाख 30 हजार येन धरू. आरोग्यविम्याचे साडेअकरा हजार, पेन्शनचे 21-22 हजार, रोजगारविम्याचे हजार-तेराशे, आयकराचे चार-पाच हजार वजा जाता सुमारे 1 लाख 90 हजार उरतात. दुसऱ्या वर्षी जूनपासून यात आणखी एक कपात येते, रहिवासी कर. तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो, म्हणून पहिल्या वर्षी लागत नाही आणि लोक गाफील राहतात. या पगारावर तो महिना 8 ते 10 हजार येन भरतो. पगारवाढीची आशा धरलेली असताना जूनमध्ये पगार घटलेला दिसतो, त्याचं कारण हे.

सीओई, व्हिसा आणि नावाचा घोळ

निवड झाली की मालक जपानच्या इमिग्रेशनकडे पात्रता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे सीओईसाठी, अर्ज करतो. त्याला एक ते तीन महिने लागतात. ते जारी झाल्या दिवसापासून तीन महिने चालतं आणि तेवढ्या मुदतीत जपानमध्ये उतरावं लागतं. सीओई ईमेलनेही येतं. ते आलं की महाराष्ट्रातल्यांनी मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे, व्हीएफएस केंद्रातून, व्हिसाचा अर्ज करायचा. सीओई हातात असेल तर व्हिसा सहसा लवकर होतो. सीओई येण्याआधी परत न मिळणारं तिकीट काढू नका.

आता नाव. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असतं. पदवी प्रमाणपत्रावर आडनाव पहिलं, कधी शेवटी आईचं नाव, पासपोर्टवर नावाच्या रकान्यातच वडिलांचं नाव, नोकरीच्या अर्जात नुसतं नाव-आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांचा गुंता आणखी मोठा. सगळा व्यवहार पासपोर्टवरच्या नावाने करा. फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र इंग्रजी भाषांतरासह सीओईच्या अर्जासोबतच द्या.

हा घोळ जपानमध्येही पाठ सोडत नाही. निवास-कार्डावर पासपोर्टवरचं पूर्ण नाव छापलं जातं, आडनाव आधी: पाटील अमित सुरेश. बँकेच्या अर्जात मात्र चौकोन मोजके आणि नाव काताकाना लिपीत लिहायचं. तिथे ते ‘पातिरु आमितो सुरेशु’ होतं. बँकेत ‘सुरेशु’ लिहिलं आणि कंपनीत लिहिलं नाही, तर नाव जुळत नाही म्हणून पगार खात्यात न जमता परत जातो. निघण्याआधीच आपल्या नावाचं काताकाना एका कागदावर पक्कं करा आणि नगरपालिका, बँक, फोन, कंपनी सगळीकडे अक्षर न अक्षर तेच लिहा.

किती पैसे न्यायचे

एप्रिलमध्ये रुजू झालात तर कंत्राटी कंपनीचा पहिला पूर्ण पगार बहुतेक वेळा मे महिन्याच्या शेवटी येतो. म्हणजे दोन महिने स्वतःच्या पैशावर काढायचे. घर घेताना ‘शिकिकिन’ म्हणजे अनामत, ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम, हमी देणाऱ्या कंपनीची फी, दलाली आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतका खर्च सहज होतो. गावाकडे भाडं 30 ते 60 हजार येन धरा. एकूण 4 ते 6 लाख येन जवळ हवेत. थोडे रोख, बाकीचे फॉरेक्स कार्डवर. 10 लाख येनहून जास्त रोख असेल तर कस्टमला सांगावं लागतं.

जपानी भाड्याचं घर अगदी रिकामं असतं. पुष्कळ घरांत छताला दिवासुद्धा नसतो, पडदे नसतात, शेगडी नसते. पहिल्या दिवशी उजेडी घरी पोहोचा. गॅस सुरू करायला माणूस घरी येतो आणि तेव्हा तुम्हाला हजर राहावं लागतं, म्हणून त्याची वेळ आधीच ठरवा, नाहीतर पहिल्या रात्री गरम पाणी नाही.

सामानात काय

औषधांबाबत ढिलाई नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं एक महिन्यापुरती नेता येतात. जास्त न्यायची असतील तर ‘युन्यु काकुनिनशो’ ही परवानगी आधी काढावी लागते. 10 टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं न्यायला बंदी आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही निर्बंध आहेत. आपल्याकडे हे घटक असलेली औषधं घरोघरी असतात, तेव्हा आई पिशवीत काय भरतेय ते पाकिटावरचे घटक वाचून बघा.

आंबे, ताजा कढीपत्ता, बी-बियाणं, मांसाचे पदार्थ नको. कच्च्या डाळी-कडधान्यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, त्यापेक्षा ती जपानमध्येच ऑनलाइन मागवावीत. टोकियोच्या निशी-कासाई भागात तर भारतीय दुकानं आहेतच. दळलेला गोडा मसाला, मेतकूट, पापड यांना खुशाल जागा करा.

शाळेत घालायला वेगळे बूट लागतात. इमारतीत शिरताना बाहेरचे काढायचे, आतले घालायचे, आणि जिमखान्यासाठी काही ठिकाणी तिसरा जोड. 28 सेंटिमीटरहून मोठं पाऊल असेल तर बूट इथूनच न्या, तिकडे तो आकार सहज सापडत नाही. एक गडद सूट हवाच. एप्रिलच्या सत्रारंभाला आणि मार्चच्या पदवीदान समारंभाला तो लागतो.

उतरल्यावर पहिले चौदा दिवस

मोठ्या विमानतळांवर निवास-कार्ड तिथेच हातात मिळतं. घर मिळाल्यापासून 14 दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा. तिथेच रहिवासी दाखल्याच्या, म्हणजे ‘ज्युमिनह्यो’च्या, दोन प्रती काढून ठेवा, कंपनी त्या मागते. कंपनीचा विमा नसेल तर राष्ट्रीय आरोग्यविमा याच फेरीत करून घ्या. माय नंबर, म्हणजे रहिवाशाचा ओळख क्रमांक, नंतर टपालाने येतो.

मग फोन आणि बँक. फोनला बँकखातं किंवा क्रेडिट कार्ड लागतं, बँकेला फोन नंबर लागतो. भारतातलं आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड चालणारी, आवाजी कॉल असलेली सिमसेवा आधी घेतली की ही गाठ सुटते. खात्यासाठी नोकरीचं करारपत्र सोबत न्या. सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेल्यांना बँका हात आखडून खातं देतात, जपानमधली नोकरी दाखवली की काम सोपं होतं. काताकानातलं नाव कोरलेला छोटा शिक्का करून घेतलात तर उत्तम.

शाळेतला दिवस

शाळा साधारण सव्वाआठला सुरू होते आणि तुम्ही साडेचारच्या सुमारास निघता. प्राथमिकला तास 45 मिनिटांचा, माध्यमिकला 50 मिनिटांचा. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला 70 तास. तिसरी-चौथीला 35 तास, पण तिथे गुण नसतात आणि भर बोलण्या-ऐकण्यावर असतो.

माध्यमिक शाळेत इंग्रजीचा जपानी शिक्षक तास चालवतो आणि तुम्ही वाचन, संवाद, उच्चार करून दाखवता. कधी कधी अख्ख्या तासात तुमच्या वाट्याला दहा मिनिटं येतात. प्राथमिकला याच्या उलट. वर्गशिक्षकाला इंग्रजीचा आत्मविश्वास नसेल तर सगळा तास तुमच्या हातात येतो. दोन्हींची तयारी ठेवा. वर्गातली शिस्त मात्र जपानी शिक्षकाचीच जबाबदारी, मुलांना तुम्ही एकट्याने रागावू नका.

प्राथमिकच्या एका तासाची घडी अशी बसते. अभिवादन आणि ‘आज वार कोणता, हवा कशी’ यात 5 मिनिटं. फळ्यावर ‘मेआते’, म्हणजे आजचं उद्दिष्ट, वर्गशिक्षक लिहितात. मागच्या शब्दांची उजळणी 5 मिनिटं. ए-फोर आकाराच्या चित्रकार्डांवर सहा ते आठ नवे शब्द, 8 ते 10 मिनिटं. मुख्य खेळ किंवा संवाद 15 मिनिटं. शेवटची 5 मिनिटं ‘फुरिकाएरी’, मुलं आज काय जमलं ते कार्डावर लिहितात. ही शेवटची पाच मिनिटं खेळात खाल्लीत तर वर्गशिक्षक नाराज होतात, कारण मूल्यमापन त्यावर होतं. नव्या शिक्षकाच्या हातून हमखास होणारी चूक म्हणजे एका तासाला वीस शब्द घेणं. मागच्या बाकावरून दिसत नाहीत अशी लहान कार्डं ही दुसरी.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात स्वतःची ओळख करून द्यायची असते. दहा मोठे फोटो पुरतात: घर, तुमची शाळा, डबा, गणपती, लोकल, पावसाळ्यातला सह्याद्री. नुसतं सांगू नका, विचारा. ‘या डब्यात काय असेल?’ म्हणून तीन पर्याय द्या, हात वर करायला लावा. वाक्यं चार-पाच शब्दांची ठेवा आणि बोलल्यावर मनात तीनपर्यंत मोजून थांबा. मुलांना ऐकलेलं मनात जुळवायला तेवढा वेळ लागतो.

दुपारचं ‘क्युशोकु’ म्हणजे शाळेचं जेवण. मुलांबरोबर वर्गात बसून तेच जेवायचं. शाकाहारी असाल तर रुजू होण्याआधीच कळवा आणि डबा न्यायची परवानगी घ्या. भाजीच्या रश्शात, मिसोच्या सुपातसुद्धा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो आणि करीच्या तयार मसाल्यात प्राण्यांची चरबी असू शकते. ‘मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही. मासे, अंडी आणि ‘दाशी’ (तोच माशाचा अर्क) यांबद्दल वेगवेगळं स्पष्ट लिहून द्या. जेवणानंतर मुलं शाळा झाडतात-पुसतात. तेव्हा कर्मचारी खोलीत बसून राहू नका, फडकं घ्या. त्या पंधरा मिनिटांत मुलं जेवढं बोलतात तेवढं तासाला बोलत नाहीत.

जपानी न येता नोकरी मिळते, पण कर्मचारी खोलीत एकटं पडायला होतं. निघण्याआधी जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-4 पातळीपर्यंत मजल मारा. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग आहेत आणि जेएलपीटी परीक्षाही पुण्यात होते.

गाडी

गावाकडच्या नेमणुकीत गाडी लागते. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. भारताचा तो जपानमध्ये चालतो, पण उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष. त्यानंतर भारतीय परवाना जपानी परवान्यात बदलून घ्यावा लागतो. लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा असतात, आणि ऑक्टोबर 2025 पासून लेखी परीक्षा 50 प्रश्नांची, 90 टक्के उत्तीर्णतेची झाली आहे. भारतात परवाना मिळाल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावाही दाखवावा लागतो, म्हणून जुना पासपोर्ट जपून न्या. निघायच्या आदल्या महिन्यात घाईघाईने काढलेला परवाना बदलून मिळत नाही. गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालते, तेवढी सोय आहे.

नोकरी बदलताना आणि परतताना

मालक बदलला की 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं. एएलटीच्या परवान्यावर संध्याकाळी खासगी वर्गात शिकवायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. ती न घेता केलेलं काम पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी अंगाशी येतं.

कायमचं परतताना पेन्शनमधले पैसे दोन तऱ्हांनी वापरता येतात. एक, देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत एकरकमी परताव्याचा अर्ज. जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हप्त्यांवर तो मिळतो आणि त्यातून 20.42 टक्के आयकर कापला जातो. हा कर परत मिळवता येतो, पण त्यासाठी निघण्याआधी जपानमधल्या एखाद्या विश्वासू व्यक्तीला करविषयक प्रतिनिधी म्हणून नेमून कर कार्यालयात नोंदवावं लागतं. दुसरी तऱ्हा म्हणजे पैसे न काढणं. ऑक्टोबर 2016 पासून लागू असलेल्या भारत-जपान सामाजिक सुरक्षा करारामुळे जपानमधली वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी भारतातल्या वर्षांना जोडता येतात. एकरकमी परतावा घेतला की ती वर्षं त्या हिशेबातून जातात. दोन-तीन वर्षंच काढली असतील आणि परत जायचा विचार नसेल तर पैसे काढून घेणं सोयीचं. जपानमध्ये पुन्हा दीर्घकाळ राहायचा बेत असेल तर अर्ज भरण्याआधी पेन्शन कार्यालयातून आपली आजवरची नोंद काढून पाहा.